टेबलटॉप ईसीडीएम संच : काचेत बारीक भोकं पाडण्यासाठी घ्यावा का?

भोसरी-चाकणच्या पट्ट्यात ईडीएम (ठिणग्यांनी धातू कोरणारं इलेक्ट्रिकल डिस्चार्ज मशीनिंग) आणि वायर-कटचं जॉबवर्क करून देणारी वर्कशॉप्स भरपूर आहेत. हार्डन केलेल्या पोलादात अर्ध्या मिमीचं भोक हवं असेल तर काम अडत नाही. काच घेऊन गेलं की मात्र नकार मिळतो, आणि तो रास्तच असतो. ईडीएममध्ये ठिणगी टूल आणि जॉब (ज्यात भोक पाडायचं तो तुकडा) यांच्यामध्ये पडते, म्हणजे जॉबमधून वीज वाहायला हवी. काच, क्वार्ट्झ किंवा ॲल्युमिना सिरॅमिकमध्ये ते होत नाही.

ईसीडीएममध्ये, म्हणजे इलेक्ट्रोकेमिकल डिस्चार्ज मशीनिंगमध्ये, ठिणगी काचेतून जात नाही, काचेला खेटून पडते. कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात बारीक टूल निगेटिव्हला आणि मोठी पट्टी पॉझिटिव्हला जोडतात. टूलवर हायड्रोजनचे बुडबुडे येतात. व्होल्टेज २५ ते ३० च्या आसपास पोचलं की हे बुडबुडे एकमेकांत मिसळून टूलभोवती वायूचा पापुद्रा धरतात आणि त्या पापुद्र्यातून ठिणग्या पडू लागतात. टूलच्या टोकापासून साधारण २५ मायक्रॉनच्या आत काच असेल तर तेवढीच जागा तापते, आणि तापलेली काच कॉस्टिक झपाट्यानं खातं. सिलिकाचं सोडियम सिलिकेट होतं आणि ते विरघळून बाहेर येतं. उष्णता आणि रसायन यांतलं एक जरी कमी पडलं तरी भोक पुढे सरकत नाही. जपानमध्ये कुराफुजी आणि सुडा यांनी १९६८ मध्येच काचेत असं छेदन करून दाखवलं होतं. आता त्याच तत्त्वावरचे टेबलावर मावणारे संच इंजिनीअरिंग कॉलेजं आणि छोट्या प्रयोगशाळांसाठी ऑर्डरप्रमाणे बनवून मिळतात.

इथे परीक्षण आहे ते अशाच एका देशी संचाचं. बनवणाऱ्याचं नाव देत नाही, कारण खाली सांगितलेले दोष एकट्या त्याचे नाहीत. या किमतीच्या बहुतेक संचांचा आराखडा थोड्याफार फरकानं असाच असतो. संचात ० ते ६० व्होल्ट, ५ अँपिअरचा डीसी पुरवठा, मॉसफेटची पल्स पेटी (वीज झटपट चालू-बंद करणारी), स्टेपर मोटर आणि बॉल स्क्रूवरचा उभा अक्ष, त्यावर वजनं टाकून चालणारी ग्रॅव्हिटी फीडची गाडी, ईआर-११ कॉलेटचा (टूल पकडणाऱ्या चिमट्याचा) छोटा स्पिंडल, पारदर्शक टाकी, ग्रॅफाइटची पट्टी आणि यूएसबी मायक्रोस्कोप एवढं येतं. जॉब हलवायला हातानं फिरवायचं एक्स-वाय टेबल आहे.

आमचं मत आधीच सांगतो. काचेत २०० ते ३०० मायक्रॉन खोलीची भोकं पाडायची असतील तर हा संच पैसे वसूल करतो. एक मिमी जाडीच्या मायक्रोस्कोप स्लाइडमधून आरपार भोकंही होतात, पण त्यासाठी संचात काही बदल स्वतः करून घ्यावे लागतात. मायक्रोफ्लुइडिक चिपसाठी (बारीक खाचांतून द्रव वाहवणाऱ्या चिपसाठी) सलग चॅनल कोरायचे असतील तर या रूपात घेऊ नका. चॅनलसाठी टूल काचेवर १०-२० मायक्रॉन अंतर राखून सेकंदाला काही मायक्रॉन या संथ, एकसारख्या वेगानं सरकवावं लागतं आणि ते हातानं फिरवायच्या टेबलावर शक्य नाही. चिपच्या इनलेट-आउटलेटची भोकं मात्र इथे छान होतात.

खरेदी करणारे सगळ्यात जास्त चौकशी पॉवर सप्लायची करतात. या संचात तोच भाग सगळ्यात कमी त्रास देतो. एक गोष्ट फक्त समजून घ्या. पापुद्रा बनण्याआधी टूलचा सगळा बुडालेला भाग उघडा असतो आणि करंट बराच जास्त ओढला जातो. पापुद्रा बनला की सरासरी करंट एकदम खाली येतो. सप्लायची करंट-लिमिट कमी ठेवली असेल तर तो सुरुवातीलाच लिमिटमध्ये जातो, व्होल्टेज आपोआप पडतं आणि ठिणगी येतच नाही. मीटरवर ३५ व्होल्ट लावलेत आणि प्रत्यक्षात १५ दिसत आहेत, असं झालं की मशीन बिघडलं असं समजून फोन लावू नका. लिमिट पूर्ण उघडा आणि टूल कमी बुडवा.

द्रावणाची पातळी हा या कामातला खरा कळीचा मुद्दा आहे. काचेच्या वर द्रावण १ ते २ मिमी असावं, त्याहून जास्त नको. पातळी ५ मिमी झाली की टूलचं बुडालेलं क्षेत्रफळ वाढतं, करंट वाढतो, पापुद्रा मध्येच तुटतो आणि ठिणग्या टूलच्या टोकाऐवजी वर, द्रावणाच्या पृष्ठभागाजवळ पडू लागतात. काच तशीच राहते आणि टूल मात्र कमरेत झिजतं. पातळी फारच खाली गेली तर टोकापर्यंत द्रावण पोचत नाही. नुसती उष्णता मिळते आणि काच तडकते. काम चालू असताना उष्णतेनं आणि विघटनानं पाणी कमी होत राहतं, म्हणून भर घालताना नवं द्रावण घालायचं नाही, डिस्टिल्ड पाणी घालायचं. नाहीतर तीव्रता वाढत जाते आणि कालचं सेटिंग आज चालत नाही. संचात पातळी राखायची काहीही सोय नाही. सलाइनचा सेट उलट्या बाटलीला लावून थेंब-थेंब पाणी सोडलं तरी भागतं. बनवणाऱ्यानं टाकीला ओव्हरफ्लोचं एक भोक दिलं असतं तर एवढंही करावं लागलं नसतं.

द्रावणाचं प्रमाण: ३० टक्के वजनी द्रावणासाठी ७०० ग्रॅम पाण्यात ३०० ग्रॅम कॉस्टिक फ्लेक्स. त्याचं साधारण पाऊण लिटर होतं, कारण घनता १.३३ च्या जवळ असते. फ्लेक्स पाण्यात थोडे थोडे टाकायचे; पाणी कधीही फ्लेक्सवर ओतायचं नाही. द्रावण चांगलंच तापतं, ते थंड झाल्यावरच वापरायला घ्या. सोबतच्या माहितीपत्रकात ‘तीव्रता जितकी जास्त तितका वेग जास्त’ असं वाक्य आहे, ते अर्धंच खरं आहे. साध्या तापमानाला कॉस्टिकच्या द्रावणाची वाहकता १५ ते २० टक्क्यांच्या आसपास सगळ्यात जास्त असते, पुढे द्रावण घट्ट होत जातं आणि वाहकता उतरते. तरीही ३० टक्के वापरतात ते काच खाण्याच्या रासायनिक बाजूसाठी. शिकाऊ विद्यार्थ्यांच्या हाती देताना २० टक्के पुरे. पोटॅशियम हायड्रॉक्साइडची वाहकता जास्त असते, पण किंमतही जास्त. ठिणगीचा रंग बघूनही द्रावण ओळखता येतं: सोडियममध्ये ती पिवळी-नारिंगी दिसते, पोटॅशियममध्ये जांभळट.

आता दोषांकडे येऊ. पहिला आणि गंभीर दोष टाकीचा. ती पॉलिकार्बोनेटची आहे, कारण ते पारदर्शक असतं आणि पडलं तरी फुटत नाही. पण तीव्र अल्कली पॉलिकार्बोनेटला खातं. आधी टाकी धुरकट होते, मग कोपऱ्यांत बारीक तडे जातात, आणि एक दिवस टेबलावर कॉस्टिक पसरतं. पॉलिप्रॉपिलिनची टाकी मागा. ती पारदर्शक नसते, पण मायक्रोस्कोप वरूनही लावता येतो. काचेचा बीकर नको, तोही हळूहळू झिजतो आणि त्याचं सिलिकेट द्रावणात येतं.

दुसरा दोष काच धरायच्या फिक्स्चरचा. पट्ट्या ॲनोडाइज्ड ॲल्युमिनियमच्या दिल्या आहेत. कॉस्टिक ॲनोडायझिंगचा थर उतरवतं आणि मग खालचं ॲल्युमिनियम सळसळत विरघळतं, वर आणखी हायड्रोजन सुटतो. पट्टी पातळ झाली की काच सैल पडते. पॉलिप्रॉपिलिन किंवा पीटीएफईच्या पट्ट्या आणि ३१६ स्टेनलेसचे स्क्रू, हा उपाय कुठल्याही टर्नरकडून एका दिवसात होतो.

तिसरा मुद्दा पॉझिटिव्ह पट्टीचा. तिचं क्षेत्रफळ टूलच्या बुडालेल्या भागाच्या शंभरपट तरी असावं, म्हणजे तिच्यावर पापुद्रा धरत नाही. इथली पट्टी मापाला योग्य आहे, पण ग्रॅफाइटची असल्यानं ऑक्सिजननं झिजून काळी भुकटी सोडते. ती द्रावण गढूळ करते आणि मायक्रोस्कोपमधून टूलचं टोक दिसेनासं होतं. काही जण तिच्या जागी स्टेनलेसची पट्टी लावतात. तसं करू नका. तीव्र अल्कलीत पॉझिटिव्ह टोकावरचं स्टेनलेस हळूहळू विरघळतं, द्रावण पिवळं पडतं, आणि तो पिवळेपणा क्रोमेटचा, म्हणजे विषारी षट्संयुजी क्रोमियमचा असतो. निकेलची पट्टी लावा. अल्कलीत ती टिकते, द्रावण स्वच्छ राहतं.

फीडची गाडी हा सर्वांत निराश करणारा भाग. ग्रॅव्हिटी फीडची कल्पना सोपी आहे: टूल काचेवर ठरावीक भारानं टेकलेलं राहतं आणि काच जशी झिजेल तसं खाली उतरतं. ०.३ ते ०.४ मिमी टूलसाठी ५० ते १०० ग्रॅम भार योग्य. पण गाडीच्या लिनिअर गाइडचं घर्षणच त्यातला बराच भाग खातं आणि तेही एकसारखं नाही. गाडी अडते, मग एकदम झटका देऊन उतरते. त्या झटक्यानं टूल वाकतं किंवा भोकाच्या तळाला काच तडकते. गाइडची तेलं पुसून, प्रीलोड (गाइडचा आधीच दिलेला ताण) सैल करून थोडा फरक पडतो. खरा उपाय म्हणजे ग्रॅव्हिटी फीड सोडून स्टेपरनंच उतरवणं आणि जॉबच्या खाली लोडसेल (भार मोजणारा सेन्सर) ठेवून भार वाढला की मागे घेणं. लोडसेल वाचणारा, बाजारात मिळणारा एचएक्स-७११ बोर्ड सेकंदाला ८० पर्यंत वाचनं देऊ शकतो; बरेच बोर्ड १० वर लावलेले येतात, ते बदलून घ्या. सेकंदाला १० मायक्रॉनच्या फीडला तेवढं पुरतं. हे जोडून घेतलं की मशीनच वेगळं वाटू लागतं. लोडसेल मात्र टाकीच्या बाहेर, खाली ठेवा आणि वायरी शील्डच्या घ्या, कारण ठिणगीच्या विद्युत-गोंगाटानं स्टेपरचा ड्रायव्हरही अधूनमधून स्टेप चुकवतो. लिमिट स्विचच्या वायरींना ऑप्टो-आयसोलेशन (प्रकाशामार्फत सिग्नल देऊन वीज अलग ठेवणं) नाही, ते करून मागा.

स्पिंडल चांगला आहे. ईआर-११ कॉलेट बऱ्यापैकी सरळ बसते, तरी प्रत्येक टूलला डायल गेज लावून बघावं. ३०० मायक्रॉनच्या टूलला १० मायक्रॉनपेक्षा जास्त रनआउट (फिरताना टोकाचं डगमगणं) असेल तर भोक आपोआप तेवढं मोठं आणि वेडंवाकडं होतं. टूल म्हणून सोबत स्टेनलेसच्या सुया येतात. त्यांच्यापेक्षा पीसीबीसाठीची कार्बाइड ड्रिल वापरून बघा. ३.१७५ मिमीच्या शँकमुळे ती कॉलेटमध्ये नेमकी बसतात, ताठ असतात आणि हळू फिरवली तर खाचांमधून ताजं द्रावण खाली जातं. वेग काही शे आरपीएम पुरे. फार वेगानं फिरवलं की पापुद्राच विस्कटतो. ड्रिल इथे कापण्यासाठी नाही, हे विद्यार्थ्यांना आधी सांगा, नाहीतर ते दाब देतात.

खोली वाढली की काय होतं, हे संच घेण्याआधी समजून घेतलंच पाहिजे. सुरुवातीचे १००-२०० मायक्रॉन भोक झरझर उतरतं. ३०० च्या पुढे वेग एकदम घसरतो. टूल आणि भोकाची भिंत यांच्यामधल्या चिंचोळ्या जागेतून ताजं कॉस्टिक आत जायचं, सिलिकेट आणि वायू बाहेर यायचे, आणि हे दोन्ही एकाच वाटेनं. वाट तुंबली की टोकाला कॉस्टिक मिळत नाही, उष्णता साठते आणि बाजूच्या भिंतीवर ठिणग्या पडून भोकाचं तोंड रुंदावत जातं. त्या वेळी घाईनं व्होल्टेज ४०-४५ वर नेलं तर तोंडाशी पांढरट कडं आणि त्यातून निघालेले केसासारखे तडे दिसतात. व्होल्टेज ३०-३३ ला ठेवा आणि पल्स वापरा. ऑन २ ते ३ मिलिसेकंद, ऑफ १ मिलिसेकंदाच्या आसपास. ऑन फारच छोटा ठेवला तर पापुद्रा बनायलाच वेळ मिळत नाही. ऑफ फार लांबवला तर प्रत्येक वेळी तो नव्यानं उभा करावा लागतो. शिवाय दर ५० मायक्रॉनला टूल अर्धा मिमी वर उचलून परत खाली न्यावं, म्हणजे भोक धुतलं जातं. लोडसेल आणि स्टेपर असेल तर हे प्रोग्रामनं होतं. ग्रॅव्हिटीच्या गाडीवर हातानं उचलत बसावं लागतं.

संचात इंडक्टर (तारेचं वेटोळं) जोडायला दोन टर्मिनल दिली आहेत. आयआयटी कानपूरच्या बसाक आणि घोष यांनी नव्वदच्या दशकात दाखवलं होतं की सर्किटमध्ये जादा इंडक्टन्स घातला तर काच झिजण्याचा वेग वाढतो. एम.टेक.च्या प्रयोगाला ही सोय उत्तम आहे. पातळ काचेत अचूक भोक हवं असेल तेव्हा मात्र इंडक्टर काढून ठेवा, कारण ठिणगीमागे जास्त ऊर्जा आली की तडेही जास्त येतात.

भोकाचा व्यास टूलएवढाच येईल, ही अपेक्षा ठेवू नका. साध्या डीसीवर तोंडाशी तो टूलपेक्षा १०० ते २०० मायक्रॉन मोठा भरतो आणि खाली निमुळता होतो. पल्स आणि नियंत्रित फीडनं हा फरक बराच कमी होतो, शून्य होत नाही. माहितीपत्रकातलं भोक आणि टूल एकाच मापाचं दाखवणारं चित्र पाहून ऑर्डर देऊ नये. टूलच्या बाजूंना इन्सुलेशनचा थर दिला तर निमुळतेपणा कमी होतो, पण उष्णतेनं तो थर लवकर सोलला जातो.

कुठली काच घ्यायची, हेही निकालावर परिणाम करतं. साधी स्लाइड सोडा-लाइमची असते. ती लवकर मऊ पडते म्हणून भोक पटकन होतं, पण तापल्यावर ती बोरोसिलिकेटच्या जवळजवळ तिप्पट प्रसरण पावते, त्यामुळे तडे तिलाच जास्त. बोरोसिलिकेटवर काम थोडं संथ पण कड स्वच्छ. फ्यूज्ड सिलिका उष्णतेनं सहसा तडकत नाही, पण मऊ पडायला फार जास्त तापमान लागतं, आणि या संचावर तिच्यात भोक पाडताना संयम संपतो. सराव सोडा-लाइमवर आणि खरं काम बोरोसिलिकेटवर, असा क्रम ठेवा.

आरपार भोकात शेवटच्या १०० मायक्रॉनला खालची कड झडते. काचेखाली दुसरी स्लाइड चिकटवली तर हे टळतं. चिकटवायला पॅराफिन मेण वापरा; मधमाशांचं मेण कॉस्टिकमध्ये साबणासारखं होऊन सुटतं. शेवटच्या टप्प्यात व्होल्टेज एक-दोन व्होल्टनं खाली आणि फीड निम्मं.

इतर पद्धतींशी तुलना थोडक्यात करायची तर अशी. एक मिमी किंवा मोठं भोक हवं असेल तर पाण्याखाली डायमंड बर (हिऱ्याच्या कणांचं छोटं ड्रिल) स्वस्त आणि पुरेसा आहे, त्यासाठी हा संच घेणं व्यर्थ. कार्बन डायऑक्साइड लेसरनं काचेत भोक होतं, पण उष्णतेनं कडा तडकतात. फेमटोसेकंद लेसरचं काम अप्रतिम असतं, खर्च कॉलेजच्या आवाक्याबाहेरचा. हायड्रोफ्लोरिक आम्लानं कोरणं शिकलेल्या माणसाशिवाय आणि कॅल्शियम ग्लुकोनेट जेल (या आम्लाच्या भाजण्यावरचं औषध) हाताशी असल्याशिवाय करूच नये. अर्धा मिमीच्या आतली, कमी खोलीची, मोजकी भोकं एवढ्या कामात ईसीडीएमला या किमतीत जोड नाही.

सुरक्षेबद्दल माहितीपत्रकात हायड्रोजनचा मोठा इशारा आहे आणि कॉस्टिकच्या तुषारांचा एका ओळीत उल्लेख. प्रत्यक्षात उलट हवं होतं. एक अँपिअर करंटला तासाला अर्ध्या लिटरहूनही कमी हायड्रोजन निघतो. झाकण हवेशीर असलं तर तो साठत नाही. बुडबुडे फुटताना उडणारे बारीक कॉस्टिकचे तुषार मात्र डोळ्यांत आणि श्वासात जातात. बाजूनं बंद असलेला गॉगल, निओप्रीन किंवा नायट्राइलचे हातमोजे आणि टाकीवर बाहेर ओढणारा पंखा हवाच. डोळ्यात गेलं तर लगेच वाहत्या पाण्यानं निदान १५ मिनिटं धुवायचं आणि डॉक्टरकडे न्यायचं. व्हिनेगर वगैरे काहीही घालायचं नाही. संचासोबत पंखा येत नाही, तो वेगळा धरा.

काम झाल्यावर काच आधी कोमट पाण्यानं भरपूर धुवा, मगच पातळ आम्ल. उलट केलं तर भोकात उरलेल्या सिलिकेटची सिलिका जेल होते आणि ती बारीक भोकातून काढणं महाकठीण. वापरलेल्या द्रावणालाही हेच लागू. ते थेट आम्ल टाकून बेसिनमध्ये ओतलं तर जेल होऊन पाइप तुंबतो. आधी भरपूर पाण्यानं पातळ करा, प्लास्टिकच्या बादलीत हळूहळू उदासीन करा, जेल बसू द्या, आणि वरचं पाणी काढून गाळ प्रयोगशाळेच्या रासायनिक कचऱ्यात द्या. बाटलीत उरलेलं ताजं द्रावण झाकण घट्ट लावून ठेवा. उघडं राहिलं तर हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून त्याचं कार्बोनेट होतं आणि पुढच्या वेळी ठिणगी येऊनही काच हलत नाही.